फरशी ठरेना, घर संपेना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, प्लॉट आपला, बांधकाम आपलं, स्लॅब टाकून वर्ष उलटलं आणि घर काही हातात येत नाही. काही पत्रं इतकी रागाने लिहिलीयेत की वाचताना मलाच कॉन्ट्रॅक्टर असल्यासारखं वाटायला लागलं. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीयेत. पहिलं बरंच लांब होतं, त्यातला नणंदेचा भाग मी गाळलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. साताऱ्याजवळ आमचं खाली-वर मिळून १,४०० फुटांचं घर चालू आहे. कॉन्ट्रॅक्टरने ११ महिने सांगितले होते, आता १९ वा चालू आहे. मधे आम्ही एकदा किचनची भिंत सरकवली हे मान्य. आतलं प्लास्टर ३ आठवड्यांपूर्वी संपलं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरलीय, पत्रिका छापून झाल्यात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो टाइल फायनल करा, दीड महिन्यात किल्ली देतो. पण आमचंच जमत नाहीये, मला मॅट हवी, मिस्टरांना चकचकीत, सासूबाई म्हणतात सगळीकडे कोटा दगड घाला. सात दुकानं झाली. चूक नक्की कुणाची आणि आता करू काय?

उत्तर : चूक तुमची पण आहे आणि कॉन्ट्रॅक्टरची पण, पण या भांडणात तिसरा एक जण आहे ज्याचं नाव तुम्ही दोघंही घेत नाही, तो म्हणजे भिंतीतलं पाणी. विटांना पाणी, प्लास्टरला पाणी, त्यावर निदान आठवडाभर क्युरिंगचं पाणी. बऱ्याच जणांना क्युरिंग म्हणजे सुकवणं वाटतं, ते बरोबर उलटं आहे, सिमेंटला ताकद यावी म्हणून भिंत ओली ठेवणं म्हणजे क्युरिंग. ती सुकायला लागते त्यानंतर. पुट्टी लावायच्या आधी प्लास्टरला निदान चार आठवडे द्या असं मी सांगते, जिन्याखालची आणि बाथरूमच्या पाठची भिंत असेल तर अजून जास्त. घाईत ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की सहा महिन्यांत फुगे, पापुद्रे, पांढरी पावडर, म्हणजे आपल्या आज्या ज्याला लोणा लागला म्हणायच्या ते. मग पेंटरला शिव्या बसतात, आणि त्या बिचाऱ्याने सांगितलेलं असतं की मॅडम भिंत ओली आहे, पण तारीख ठरलेली असते ना.

तुम्हाला ३ आठवडे झालेत आणि साताऱ्यात उन्हाळा आहे, म्हणजे फार घाबरायचं कारण नाही. पण अंदाजावर जाऊ नका. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक घ्या, भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसंच सोडा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब आले किंवा तेवढी भिंत गडद दिसली तर थांबायचं. हे हॉलमधे करू नका, हॉल आधी सुकतो, हे जिन्याखाली आणि उत्तरेच्या भिंतीवर करा.

आता कॉन्ट्रॅक्टरचा दीड महिना. मी कागदावर मांडून बघितलं, तुम्ही पण बघा. एक फरशीवाला आणि त्याचा हेल्पर दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे फूट फरशी बसवतात, दोन बाय चारची मोठी टाइल असली तर तेवढंही होत नाही. म्हणजे दोन्ही मजल्यांची नुसती जमिनीवरची फरशी बारा-चौदा दिवस. त्याशिवाय स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), बाथरूमच्या भिंती, किचनचा डॅडो म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची टाइल, जिना. त्याच्या आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, आणि ते केल्यावर पाणी भरून निदान दोन दिवस उभं ठेवायचं, खालच्या छताला डाग येतो का बघायचं, हे ज्याने टाळलं त्याने पुढे अख्खं बाथरूम उखडलेलं मी पाहिलंय. मग ओटा, मग पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर, रंग, आणि सुताराचं काम वेगळंच. हे सगळं एकावेळी चालत नाही, कारण पुट्टी घासतानाची धूळ दरवाजाच्या ओल्या पॉलिशवर बसते आणि सुतार-पेंटरची मारामारी होते. तर दीड महिन्यात किल्ली हे शक्य नाही, आणि त्यालाही ते माहितीये, त्याला फक्त तुमच्याकडून टाइल फायनल करून हवीय म्हणजे बॉल तुमच्या कोर्टातून हलेल. वाईट माणूस आहे असं नाही, सगळेच असं बोलतात.

वास्तुशांत पुढे ढकलू नका. पूजेला काय लागतं? पाय ठेवायला फरशी, प्रसादाला ओटा, एक चालू संडास-बाथरूम, लाईट आणि पाणी. बास. रंगावाचून गुरुजी अडत नाहीत. खालचा मजला फरशी आणि ओट्यासकट पूर्ण करून घ्या, भिंतींना प्लॅस्टिकची परीक्षा पास झाली तर प्रायमरचा एक हात, नाहीतर कोऱ्या प्लास्टरवर झेंडूच्या माळा, फार छान दिसतात खरं तर. आतला रंग दिवाळीच्या आधी करा. बाहेरचा तर मी म्हणेन एक पावसाळा जाऊ द्याच, पाणी कुठून येतं ते भिंतच दाखवते, पेन्सिलने डागाभोवती रेघ मारून तारीख लिहायची म्हणजे पुढच्या आठवड्यात डाग वाढला की नाही कळतं. तोपर्यंत फरशीवर प्लास्टिक अंथरून वरून पीओपीचा थर मारून घ्या, नाहीतर पेंटरची शिडी तुमच्या सात दुकानांचं चीज करेल.

आणि आता ती टाइल. दुकानात चुकतं काय माहितीये, तिथे पन्नास दिवे असतात. तुमच्या हॉलमधे दुपारचं ऊन असणारे आणि रात्री दोन ट्यूबलाईट. म्हणून तीन पसंतीच्या टाइल, प्रत्येकी एक-एक, साईटवर आणा (दुकानदार देतात, डिपॉझिट मागतील), खाली टाकून ठेवा आणि दोन दिवस सगळ्यांनी त्यावरून येजा करा. पाणी सांडा, अनवाणी चाला, हळद-तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेतातून आलेली चप्पल एकदा ठेवून बघा, तुमच्याकडची काळी माती पांढऱ्या चकचकीत फरशीवर कशी दिसते ते मिस्टरांना कळलं की निम्मं भांडण तिथेच मिटेल. चकचकीत हवीच असेल तर डबल चार्ज घ्या, त्यात रंगाचा थर काही मिलिमीटर आत गेलेला असतो म्हणून घासली तरी पटकन उघडी पडत नाही. जीव्हीटीमधे (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल) डिझाईन वरच छापलेलं असतं, दिसते देखणी पण कपाट ओढलं की चरा कायमचा. बाथरूममधे मात्र मॅटच, याच्यावर मतदान नको.

सासूबाईंचं म्हणणं मी अर्धं घेईन. कोटा जिन्याला, पडवीला, पार्किंगला एक नंबर, वर्षानुवर्षं वापरून उलट खुलतो. पण घरभर कोटा म्हणजे जागेवर पॉलिश आलं, मशीन, पाणी, सगळीकडे हिरवट चिखल, पॉलिशचे चार-पाच फेरे, आणि ते रंगाच्या आधीच उरकावं लागतं कारण भिंतीवर शिंतोडे उडतात. अक्षय्य तृतीयेच्या हिशेबात ते बसत नाही. त्यांना असंच सांगा, की आई तुमचा कोटा बाहेर घेतोय, म्हणजे आलेला पाहुणा आधी तुमची पसंती बघेल.

ठरवायचा क्रम लक्षात ठेवा, आधी फरशी, मग ओट्याचा दगड, मग लॅमिनेट, रंग सगळ्यात शेवटी. रंग कुठल्याही शेडमधे मशीनवर मिसळून मिळतो, फरशी मिळेल तीच घ्यावी लागते. लोक नेमकं उलटं करतात, आधी मोबाईलमधे हॉलच्या भिंतीचा रंग आवडतो आणि मग त्याला जुळणारी टाइल शोधत सात दुकानं होतात. टाइल ठरली की बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच एकच आहे का ते गाडीतून उतरवतानाच तपासा, नंतर नाही. आठ-दहा टक्के जास्त घ्या, न फोडलेले बॉक्स परत घेणार का हे बिलावर लिहून घ्या आणि एक बॉक्स माळ्यावर कायमचा ठेवा, कारण दोन वर्षांनी तेच डिझाईन मोरबीतून, म्हणजे गुजरातमधल्या टाइलच्या कारखान्यांतून, यायचं बंद झालेलं असतं. फरशी बसल्यावर नाण्याने टकटक करत फिरा, पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून भिंतीवर ती नुसत्या सिमेंटने नीट धरत नाही, तिथे टाइल अॅडहेसिव्हच वापरायला लावा, चार पैसे जास्त जातील. आणि शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक) आजच ठरवा! त्याचा भिंतीत जाणारा भाग टाइलच्या आधी बसतो, फार जणांची बाथरूमं निव्वळ या एका पार्टसाठी पंधरा पंधरा दिवस अडतात आणि नाव फरशीवाल्याचं होतं.

राहिले ते उशिराचे आठ महिने. घरात एक वही असेल तर काढा आणि लिहा, भिंत सरकवली त्याचे किती, टाइल ठरवायला किती, पावसाचे किती, आणि माणसं नव्हती त्याचे किती. फरशीवाले, सुतार, पीओपीवाले बहुतेक राजस्थान, बिहार, युपीकडचे असतात, होळीला गावी गेले की लवकर येत नाहीत. ते खोटं नसतं. पण होळी दरवर्षीच येते, ती त्याने ११ महिन्यांत धरायला हवी होती. तुमचे दिवस तुम्ही कबूल केलेत की त्याच्या दिवसांबद्दल बोलायला तोंड राहतं, नाहीतर तो किचनच्या भिंतीवर सगळं ढकलणार.

प्रश्न : आमचं चिपळूणचं जुनं घर २०२१ च्या पुरात खराब झालं, आता त्याच जागी परवानगी घेऊन नवीन बांधलंय. इंटिरियरवाल्याने खालच्या मजल्यावर पीओपी सीलिंग, प्लायचं फर्निचर, वॉलपेपर आणि लाकडी लॅमिनेटची फरशी सुचवलीय. प्लाय ७१० आहे, पाण्याने काही होत नाही म्हणतो. मे महिना संपत आलाय, काम पावसात चालू ठेवू का?

उत्तर : २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती खूण तुमच्या डोळ्यासमोर असेलच, शेजारच्या एखाद्या जुन्या भिंतीवर अजून दिसतही असेल. इंटिरियरवाल्याला आधी ती खूण दाखवा आणि मग ड्रॉइंग उघडायला सांगा.

७१० बद्दल. दुकानात ३०३ आणि ७१० असे दोन आकडे ऐकू येतात, हे आयएसचे, म्हणजे भारतीय मानकांचे नंबर आहेत. ३०३ मधला एमआर म्हणजे साधा, ओल सोसणारा, बेडरूमच्या कपाटाला ठीक. ७१० म्हणजे मरीन, त्यातला गोंद उकळत्या पाण्यात टिकतो. पण टिकतो तो गोंद हो, लाकूड नाही! सिंकखाली पाणी ठिबकलं तर ७१० तुम्हाला वाचवेल, वाशिष्ठीचं गाळाचं पाणी दीड-दोन दिवस आत बसलं तर कडा फुगणार, लॅमिनेट सुटणार, आणि आत जो वास बसतो तो जात नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, तो तर खालच्या मजल्यावर आणूच नका, तो बिस्किटासारखा फुगतो.

माझं मत विचाराल तर खालचा मजला असा करा की पाणी ओसरल्यावर पाईप लावून धुता आला पाहिजे. फरशी व्हिट्रिफाइड किंवा कोटा. भिंतींना आतून पण सिमेंटचं प्लास्टर, जिप्सम अजिबात नको, जिप्समला पाणी चालत नाही. वरून पुट्टीऐवजी जुनं नीरू (चुन्याचं) फिनिश करणारा गवंडी मिळाला तर त्याला सोडू नका. ओट्याखाली प्लायच्या ट्रॉल्यांऐवजी कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या आणि अॅल्युमिनियमची दारं, दिसायला थोडं मामाच्या घरासारखं दिसेल पण मामाचं घर टिकलं होतं ना. बाथरूमच्या चौकटी ग्रॅनाइटच्या. लाईटची वायरिंग वरून खाली उतरवा, जमिनीतून वर नको, आणि बोर्ड, मीटर, इन्व्हर्टर जमेल तेवढे खुणेच्या वर. वॉशिंग मशीन आणि फ्रीज खाली ठेवायचे असतील तर निदान वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी एक रिकामा पॉइंट काढून ठेवा, रात्री दोनला उचलून नेल्यावर कुठे लावायचं हा प्रश्न तेव्हा पडतो. पीओपी, वॉलपेपर, सागवानी पॅनलिंग, सगळी हौस वरच्या मजल्यावर करा, तिथे मी एक शब्द बोलणार नाही.

पावसात काम. फरशी, बाथरूम, प्लंबिंग, वायर ओढणं हे चालू ठेवा, छप्पर घालून झालंय तर काही अडत नाही. सिमेंटचं प्लास्टर आतून असेल तर तेही चालेल, क्युरिंगला आभाळाचीच मदत. पुट्टी, रंग, पॉलिश आणि सुतारकाम गणपतीनंतर. कोकणातल्या जुलैच्या हवेत पॉलिश मारलं की ते पांढरं पडतं, धुकं धरल्यासारखं, आणि मग ते खरवडून परत करायचे पैसे कुणी देत नाही. दारं तर मे महिन्यात घट्ट बसवून घेतलीत की जुलैमधे खांद्याने ढकलावी लागतात, आणि जुलैमधे रंधून सैल केलीत की पुढच्या मेमधे फटीतून रस्ता दिसतो. सुताराला सांगा, पावसात रंधा हातात घ्यायचा नाही.

म्हणजे तुमचं घर तीन-साडेतीन महिने लांबणार. याला उशीर म्हणून कॉन्ट्रॅक्टरशी भांडू नका, त्याच्याकडून फक्त लेखी घ्या की गणपतीनंतर कुठल्या तारखेला कोण माणसं येणार, कारण त्यावेळी अख्ख्या कोकणाला एकदमच पेंटर आठवतो.

प्रश्न : मी जर्मनीत असतो, तासगावला आई-बाबांसाठी (दोघंही सत्तरीच्या पुढे) घर बांधतोय. सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. कॉन्ट्रॅक्टर टाइलचे व्हिडिओ पाठवतो, सगळे सारखेच दिसतात. फिनिशिंगचे सगळे पैसे एकदम द्या म्हणजे भाव वाढायच्या आत माल उचलतो असं म्हणतोय.

उत्तर : एकदम देऊ नका. माल उचलायचा असेल तर दुकानदाराचं कोटेशन तुमच्या नावावर मागवा आणि पैसे थेट दुकानाच्या खात्यात टाका, कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या मजुरीचे टप्प्याटप्प्याने. याचा राग येणारा कॉन्ट्रॅक्टर भेटला तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलंच.

व्हिडिओवर टाइल ठरत नाही, सोडून द्या तो नाद. तुमच्या पसंतीची गरजही नाही फारशी, चालायचं त्यांना आहे. चुलतभाऊ, मित्र, कुणीतरी गावात असेल त्याला चार नमुने आणून अंगणात टाकायला सांगा आणि बाबांना ओल्या पायाने त्यावरून चालायला सांगा, हात धरून. जी टाइल बाबांना "बरी वाटली" ती घ्यायची, मग ती तुम्हाला कितीही रुग्णालयासारखी दिसो.

त्यांच्यासाठी घर करताय तर टाइलपेक्षा या गोष्टींवर डोकं लावा. घरात कुठेही एका इंचाची पायरी नको, बाथरूमचा उतार आतल्या आत काढता येतो. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कमोडच्या बाजूला धरायचा दांडा आत्ता नको असला तरी त्याची जागा आत्ताच ठरवा आणि तिथली भिंत भरीव ठेवा, नंतर टाइलमधे ड्रिल मारून लावलेला दांडा ऐनवेळी हातात येतो. आणि ओट्याची उंची! सरसकट ३३-३४ इंच करून मोकळे होतात. आईला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, कोपरापासून चार-पाच इंच खाली जिथे येईल ती तिची उंची. तुमची आई पाच फुटाच्या आतली असेल तर ३१ पण निघेल, गवंडी हसेल, हसू द्या.

अजून एक, हे तुम्हाला परदेशात बसून पण जमेल. अजून ज्या भिंतींना प्लास्टर झालं नाहीये किंवा टाइल लागली नाहीये त्या प्रत्येक भिंतीचा फोटो मागवा, फोटोत मोजपट्टी धरलेली पाहिजे, पाईप आणि वायरच्या नळ्या कुठून गेल्यात ते दिसलं पाहिजे. खोलीवार फोल्डर करून ठेवा. दहा वर्षांनी आईला देवाचा फोटो लावायला खिळा मारायचा असेल तेव्हा ती तुम्हाला तिकडे फोन करेल आणि तुम्ही सांगू शकाल की डावीकडे मार, उजवीकडे गिझरचा पाईप आहे.

प्रश्न : नाशिकला स्वतःच्या प्लॉटवर बंगला. कॉन्ट्रॅक्टरने निम्म्याहून जास्त पैसे घेतले आणि दोन महिने साईटवर नाही, फोन उचलत नाही. फिनिशिंग पूर्ण बाकी आहे. महारेरात तक्रार करू का? दुसरा कॉन्ट्रॅक्टर तयार आहे, उद्या चालू करतो म्हणतो.

उत्तर : उद्या चालू करू नका, एवढं आधी ऐका. दुसऱ्याने एक जरी टाइल लावली की पहिल्याने किती केलं होतं याचा पुरावा गेला. आधी एखादा बाहेरचा इंजिनिअर बोलवा, झालेल्या कामाची मोजमापं घ्या, तारखेसकट फोटो, उरलेल्या मालाची यादी, आणि झालेल्या कामाची किंमत त्याच्या सहीने लिहून घ्या. मग पहिल्याला पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस, की अमुक तारखेला संयुक्त मोजणीला ये आणि अमुक तारखेपर्यंत काम सुरू कर, नाहीतर करार संपवून दुसऱ्याकडून करून घेऊ आणि जास्तीचा खर्च तुझ्याकडून मागू. व्हॉट्सअॅपवर पण पाठवा, निळ्या टिका येतात. ती तारीख उलटली की मग दुसरा.

महारेरा तुमच्यासाठी नाही. रेरा कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्या बिल्डरसाठी आहे. तुमचा प्लॉट, तुमचं घर, तो नुसता ठेकेदार, म्हणजे तुम्ही त्याची सेवा विकत घेतलीय आणि त्याची दाद ग्राहक आयोगात मागता येते. घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरलेली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोगात, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. करारात दर आठवड्याला अमुक दंड असं लिहिलं असेल तर तो आकडा आपोआप मिळतो असं समजू नका, तो आकडा वरची मर्यादा असते, त्याच्या आत जे वाजवी वाटेल ते मिळतं. मात्र तुमच्याकडून त्याचं एखादं बिल अडकलेलं असेल तर ते मला नको, आधी वकिलाला खरं खरं सांगा, कारण पैसे थकले म्हणून काम थांबवलं हे तो म्हणणारच आहे.

कर्ज घेतलं असेल तर अजून एक घड्याळ चालू आहे. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं तरच, नाहीतर ती ३० हजारांवर येते. पूर्णत्वाचा दाखला कधी मिळेल ते सीएला विचारून ठेवा.

आणि नव्या माणसाशी करार करताना शेवटचे दहा टक्के अडवून ठेवा, घर ताब्यात आल्यावर एक पावसाळा गेला की द्यायचे. फिनिशिंगमधे कॉन्ट्रॅक्टर परत बोलवायला तेवढंच एक कारण उरतं.

प्रश्न : ओट्याला ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की पांढरा मार्बल? दुकानदार म्हणतो मार्बलला कोटिंग केलं की काही होत नाही.

उत्तर : काळा ग्रॅनाइट. क्वार्ट्झ दिसतो सुंदर, डागही धरत नाही, पण त्यात रेझिन (प्लास्टिकसारखा चिकवणारा पदार्थ) असतं, कुकर गॅसवरून उचलून थेट त्यावर ठेवायची सवय असेल, आणि ती आपल्या सगळ्यांना आहे, तर डाग उठतो किंवा तडा जातो. मार्बलचं म्हणाल तर दुकानदाराकडून कोटिंग केलेला एक तुकडा मागा, त्यावर अर्धं लिंबू पालथं घालून रात्रभर ठेवा, सकाळी लिंबाच्या आकाराचा पांढुरका गोल दिसला तर तो तुकडा त्यालाच परत नेऊन द्या. देवघराला पण तो नको, तिथे तेल आणि कुंकू सांडतंच. खिडकीच्या पट्ट्यांना घाला, बसायला गार लागतो.